जाणाऱ्यांच्या भरवशावर चालणारी चळवळ

ज्यू युवक चळवळींचा कारभार बहुतांशी तरुणांच्याच हाती असतो, आणि त्यांचे बळ व त्यांची कायमची अडचण ही दोन्ही या एकाच गोष्टीतून निघतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांचा गट सोळा-सतरा वर्षांची मुलगी सांभाळते, तिला या कामासाठी तयार करण्याची जबाबदारी विद्यापीठात शिकणाऱ्या वीस-एकवीस वर्षांच्या कार्यकर्त्यांवर असते, आणि ब्रिटनसारख्या देशात तर देशभरच्या शाखांचे काम नुकतीच पदवी घेतलेल्या मोजक्या तरुणांकडे एक-दोन वर्षांपुरते सोपवलेले असते. हे शेवटचे मोजके जण सोडले तर बाकीच्यांना पगार नसतो. अशा गटनेत्याला हिब्रू भाषेत मद्रिख म्हणतात, मुलगी असेल तर मद्रिखा, आणि त्याची उमेद कितीही दांडगी असली तरी चळवळीला त्याची मिळणारी वर्षे फार तर सहा-सात असतात. नेमक्या त्याच वर्षांत शालान्त परीक्षा, विद्यापीठासाठी सोडलेले घर आणि पहिली नोकरी हे सारे येऊन पडते. त्यामुळे कार्यकर्ते टिकवायचे कसे, हा प्रश्न या चळवळींपुढे सतत नव्याने उभा राहतो. त्यावर सुचवले जाणारे उपाय ठरलेले आहेत: प्रमाणपत्रे, आभाराचे समारंभ, सवलतीच्या सहली. या चळवळींचा शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास पाहिला तर मात्र वेगळेच काही दिसते. कार्यकर्ता कधीतरी जाणार हे धरून ज्यांनी आपली रचना उभारली आणि त्याच्या जाण्यालाही मानाची जागा दिली, त्यांच्याकडेच तो अधिक काळ थांबला.

या रचनेची मुळे युरोपातल्या दोन प्रवाहांत आहेत. बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्झ येथे 1901 मध्ये ‘वांडरफोगेल’ ही भटकंती करणाऱ्या जर्मन विद्यार्थ्यांची संघटना स्थापन झाली. शिक्षक आणि पालक यांच्या देखरेखीपासून दूर, रानावनात आपले आपण राहावे, आपला म्होरक्या आपल्यातूनच निवडावा, ही तिची धारणा होती. दुसरा प्रवाह बेडन-पॉवेल यांच्या बालवीर चळवळीचा. तिचे पहिले प्रायोगिक शिबिर 1907 मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर भरले आणि तिच्यातून लहान तुकडी, तुकडीनायक व पायरीपायरीने वाढणारी जबाबदारी ही पद्धत जगभर गेली. जर्मन संघटनांची दारे ज्यू मुलांना बंद होऊ लागली तशी त्यांनी स्वतःच्या संघटना काढल्या. 1912 मध्ये जर्मनीत ‘ब्लाऊ-वाइस’, म्हणजे निळा-पांढरा, हा संघ निघाला. त्या वेळच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातल्या गॅलिशिया प्रांतात 1913 च्या सुमारास ‘हाशोमेर हात्झाइर’ या समाजवादी विचाराच्या संघटनेने आकार घेतला. 1923 मध्ये रिगा शहरात झेव्ह जाबोटिन्स्की यांच्या प्रेरणेने ‘बेतार’ आणि 1929 मध्ये जेरुसलेममध्ये धर्मनिष्ठ तरुणांची ‘बने अकिवा’ सुरू झाली. त्याच 1929 साली लंडनच्या ईस्ट एंड भागातल्या स्थलांतरितांच्या मुलांसाठी वेलस्ली अ‍ॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हबोनिम’ची स्थापना केली. या संघटनांचे आपसांतले राजकीय मतभेद टोकाचे होते, पण घडण सारखीच राहिली: सात-आठ ते पंधरा-वीस मुलांचा गट, त्यांच्याहून थोडाच मोठा मद्रिख, आणि अशा अनेक गटांची मिळून एक शाखा.

या घडणीला धरून ठेवणारी कल्पना होती ‘हगशामा’, म्हणजे ज्या गोष्टीचा आपण पुरस्कार करतो ती स्वतःच्या आयुष्यात प्रत्यक्ष जगून दाखवणे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात झायोनवादी, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंची मायभूमी पुन्हा उभी राहावी असे मानणाऱ्या चळवळींपुरता तिचा अर्थ अगदी ठरलेला होता. तरुणाने आधी ‘हखशारा’ या प्रशिक्षण-शेतावर अंगमेहनतीची सवय करावी, मग पॅलेस्टाइनला स्थलांतर करावे आणि तेथे सामुदायिक शेतीच्या वसाहतीत, म्हणजे किबुत्झमध्ये राहावे, असा तो क्रम होता. याचा संघटनात्मक परिणाम विचित्र होता. जो कार्यकर्ता सर्वांत निष्ठावान तोच सर्वांत आधी निघून जाई, आणि त्याचे जाणे हेच त्याच्या शाखेचे यश मानले जाई. उलट जो विशी ओलांडूनही पोलंडमधल्या आपल्या गावीच राहून मुलांचे खेळ घेत बसे, त्याच्याकडे बोलाची कढी म्हणून पाहिले जाण्याची शक्यता असे.

चळवळींनी या पेचावर दोन मार्गांनी मात केली. पहिला मार्ग म्हणजे जाणे एकट्याचे न ठेवता गटाचे करणे. लहानपणापासून एकत्र वाढलेला गट पुढे ‘गारिन’, म्हणजे वसाहतीचे बीज, म्हणून एकत्रच निघे, त्यामुळे मधेच कामातून अंग काढणे म्हणजे आठ-दहा वर्षांच्या सोबत्यांना सोडणे ठरे, आणि गटाची निघण्याची वेळ येईपर्यंत प्रत्येक जण आपल्या कामावर असे. इस्रायल राज्य झाल्यावर लष्करातल्या ‘नाहाल’ विभागाने हीच कल्पना उचलली आणि चळवळीतल्या तरुणांच्या अख्ख्या गटांना लष्करी सेवा व वसाहतीतले काम एकत्र करण्याची सोय दिली. दुसरा मार्ग होता ‘श्लियाख’चा. आधी स्थलांतर करून गेलेल्या अनुभवी कार्यकर्त्यांना दूत म्हणून काही काळासाठी परत पाठवले जाई. इटलीत जन्मलेले आणि गिवात ब्रेनर या किबुत्झच्या संस्थापकांपैकी एक असलेले एन्झो सेरेनी 1930 च्या दशकाच्या आरंभी असेच जर्मनीला गेले होते. नवे कार्यकर्ते तयार होईपर्यंत तुम्ही थांबा, असे सांगून कित्येकांचे स्थलांतर चळवळीनेच पुढे ढकलले. शिवाय पॅलेस्टाइनवर राज्य करणाऱ्या ब्रिटिशांनी प्रवेशपरवाने आखडते ठेवल्यामुळे हजारो तरुण प्रशिक्षण-शेतांवर अडकून पडले, आणि इंग्रजांच्या मनात नसताना पोलंडमधल्या शाखांना अनुभवी हात मिळत राहिले, हे वेगळेच.

बांधिलकीची सर्वांत कठोर कसोटी 1939 मध्ये लागली. सप्टेंबरमध्ये जर्मनीने पोलंडवर हल्ला केला तेव्हा युवक चळवळींचे बरेचसे वरिष्ठ कार्यकर्ते पूर्वेकडे गेले, आणि त्यांतले पुष्कळ जण व्हिल्ना शहरात एकत्र झाले, कारण ते शहर लिथुआनियाकडे गेल्याने तेथून पॅलेस्टाइनला निसटण्याची आशा होती. मागे, जर्मनांच्या ताब्यातल्या मुलुखात, शाखांतली मुले नेत्यांविना उरली. तेव्हा परत कोणी जायचे याची चर्चा झाली आणि काही जण खरोखरच उलट दिशेने सीमा ओलांडून परतले. हाशोमेर हात्झाइरची तोसिया आल्टमन ही परतणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी होती. त्याच संघटनेचा मोर्देखाय आनिएलेविच तिच्यामागोमाग वॉर्सात आला. ‘द्रोर’ या संघटनेची झिव्हिया लुबेत्किन 1940 च्या जानेवारीत सोव्हिएत ताब्यातल्या भागातून वॉर्साला पोचली आणि काही महिन्यांनी यित्झाक झुकरमनही आला. हे सारे विशीतले होते. वॉर्साच्या कोंडवाड्यात, म्हणजे ज्यूंना डांबून ठेवलेल्या वस्तीत, त्यांनी आधी हाती घेतले ते नेहमीचेच काम: गट पुन्हा जमवणे, मुलांना जेवण मिळेल अशी स्वयंपाकघरे चालवणे, चोरून वर्ग घेणे, हाताने छापलेली पत्रके वाटणे. 1942 च्या उन्हाळ्यात कोंडवाड्यातल्या लोकांना मृत्युछावण्यांत नेण्याची मोहीम सुरू झाली आणि याच जाळ्यातून सशस्त्र संघटना उभी राहिली. 19 एप्रिल 1943 रोजी सुरू झालेल्या उठावाचा सेनापती आनिएलेविच त्या वेळी चोविशीच्या आसपास होता. या प्रसंगाचे शौर्य जगाला ठाऊक आहे. संघटनेच्या दृष्टीने पाहता लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की परतण्यासाठी त्यांना भाग पाडू शकेल अशी कोणतीही वरची सत्ता त्या वेळी शिल्लक नव्हती. मुलांना जे सांगतो ते आधी आपण करावे, याला या चळवळींत ‘दुग्मा इशित’, म्हणजे स्वतःचा दाखला, असे नाव आहे, आणि ते तत्त्व वर्षानुवर्षे साप्ताहिक बैठकींतून अंगी मुरलेले होते.

महाराष्ट्राशी या विषयाचा थेट धागा आहे. मराठी बोलणाऱ्या, कोकणातल्या तेल गाळण्याच्या धंद्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्रायल समाजाची मोठी वस्ती मुंबईत होती, आणि हबोनिम व बने अकिवा या दोन्ही चळवळींच्या शाखा या शहरात चालत. स्थलांतर हे ध्येय मानणाऱ्या चळवळीचा पेच येथे आणखी तीव्र झाला, कारण समाजच लहान होता. 1948 च्या सुमारास भारतात बेने इस्रायल अंदाजे 20 हजार होते. पुढच्या दोन-तीन दशकांत त्यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले आणि आज भारतातल्या सगळ्या ज्यूंची मिळून संख्या चार-पाच हजारांच्या आसपास आहे. मोठ्या समाजात एक मद्रिख गेला तर त्याच्या मागे दुसरा उभा असतो, पण जेथे पोरे, नेते आणि पालक एकाच वेळी बाडबिस्तरा बांधत आहेत तेथे शाखेला कार्यकर्ता पुरवणार कोण? ध्येय गाठले म्हणून शाखा ओस पडली, असे म्हणावे लागते. मुंबईत आज ज्यू तरुणांसाठी जे काम चालते ते मुख्यतः सामुदायिक केंद्राच्या आधारे, म्हणजे पगारी व्यवस्थापक आणि त्यांच्याभोवती स्वयंसेवक अशा वळणाचे आहे, आणि इतक्या छोट्या समाजात तेच व्यवहार्य दिसते.

अमेरिका, ब्रिटन, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया येथल्या सुखवस्तू समाजांत अडचण वेगळी निघाली. तेथल्या बहुतेक तरुणांना किबुत्झवर जाऊन राहायचे नव्हते, त्यामुळे हगशामाचा जुना अर्थ सैल झाला आणि शिडीची वरची पायरीच नाहीशी झाली. ती जागा भरून काढली शाळा आणि विद्यापीठ यांच्या मधल्या वर्षाने. जेरुसलेममध्ये 1946 पासून परदेशी युवक-नेत्यांसाठी एक प्रशिक्षण संस्था चालते, जिला नुसते ‘माखोन’ म्हणजे संस्था असेच म्हणतात. इस्रायलचा इतिहास, हिब्रू भाषा, गटाशी बोलण्याची तंत्रे आणि शिबिर चालवण्याची कला शिकून अठरा-एकोणीस वर्षांची मुले आपापल्या देशांत परततात. या वर्षामागे एक न लिहिलेला करार असतो: चळवळीने वर्ष दिले, आता कार्यकर्त्याने दोन-तीन वर्षे परत द्यावीत. बहुतेक जण हा करार पाळतात तो गटामुळे. वर्षभर एका खोलीत राहिलेले, भांडलेले आणि एकत्र स्वयंपाक केलेले वीस जण परत आल्यावर एकमेकांना सहजी हातचे जाऊ देत नाहीत. ज्याला हे वर्ष परवडले नाही किंवा घरून परवानगी मिळाली नाही, तो मात्र नकळत दुय्यम ठरतो आणि शिबिरांतून हळूहळू दिसेनासा होतो. कार्यकर्ते गळण्याच्या कारणांत हे कारण फार कमी वेळा उघडपणे मांडले जाते.

इस्रायलमधल्या बने अकिवाच्या शाखेत कार्यकर्ता कसा धरला जातो, याचे जवळून दर्शन हिब्रू पंचांगातल्या हेश्वान महिन्यात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास घडते. या महिन्याला ‘संघटनेचा महिना’ म्हणतात. शाळा सुटल्यावर मुले शाखेत येतात ती रात्री उशिराच घरी जातात. प्रत्येक वयोगटाला एक भिंत वाटून दिलेली असते, तिच्यावरची मागच्या वर्षीची चित्रे पुसून नवी रंगवायची असतात. एकीकडे नाटुकल्यांच्या आणि झेंडे घेऊन करायच्या कवायतींच्या तालमी चालतात, दुसरीकडे रंगाचे डबे कमी पडले म्हणून कोणीतरी दुकानाकडे पळत असते. हे सगळे पंधरा ते सतरा वर्षांचे मद्रिख पार पाडतात, आणि त्यांच्यावर असते ती ‘कोमुनारित’, म्हणजे शाळा संपवून राष्ट्रीय सेवेचे वर्ष करण्यासाठी दुसऱ्या गावाहून आलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. महिन्याच्या शेवटच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनी, नववीतल्या मुलांच्या तुकडीला तिचे कायमचे नाव मिळते, जे ती माणसे पन्नाशीतही सांगतात. नाव मिळालेली तुकडी लवकरच मद्रिख होण्याच्या वयाला पोचते, त्यामुळे जबाबदारी आली ती आपल्या तुकडीवर आली, असे प्रत्येकाला वाटते. वर्षभराच्या साप्ताहिक बैठका यानंतर बऱ्याच नीरस वाटतात हे खरे, आणि पुष्कळ मद्रिख हिवाळ्यातच कंटाळतात; पण ते सोडून जात नाहीत, कारण धाकटी मुले दर आठवड्याला त्यांचीच वाट पाहत बसलेली असतात.

स्वयंसेवक का टिकतो याचा अभ्यास मानसशास्त्रानेही केला आहे. गिल क्लेरी आणि मार्क स्नायडर या अमेरिकी संशोधकांनी सहकाऱ्यांसह 1998 मध्ये स्वयंसेवेमागच्या सहा प्रेरणा वेगळ्या केल्या: मूल्ये, शिकण्याची इच्छा, आत्मसन्मान, व्यवसायाला होणारा उपयोग, मित्रमंडळ आणि मनातल्या अस्वस्थतेपासून सुटका. माणूस ज्या प्रेरणेने आला तीच कामातून भागली तर तो समाधानी राहतो आणि पुढेही काम करू इच्छितो, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. युवक चळवळीपुरता यातला पेच असा की एकाच माणसाच्या प्रेरणा वयाबरोबर बदलत जातात. सोळाव्या वर्षी मैत्रिणी आहेत म्हणून येणारी मद्रिखा एकोणिसाव्या वर्षी काही शिकायला मिळते का ते पाहते आणि एकविसाव्या वर्षी उन्हाळ्यातले चार आठवडे शिबिराला द्यावेत की एखाद्या कंपनीतल्या उमेदवारीला, हे तोलत असते. चळवळ तिला तिन्ही वेळा तेच काम, म्हणजे बारा मुलांचा तंबू, देत राहिली तर तिने जाणे साहजिकच आहे.

येथे निर्णयाच्या अधिकाराचा मुद्दा येतो. रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांवर मुले केवळ वापरली जातात, शोभेसाठी मांडली जातात किंवा नावापुरती बसवली जातात, आणि हार्ट त्यांना सहभाग मानतच नाहीत. जुन्या चळवळींत या शिडीच्या वरच्या पायऱ्या प्रत्यक्षात दिसतात. हबोनिम आणि द्रोर एकत्र येऊन झालेली हबोनिम-द्रोर, हाशोमेर हात्झाइर यांसारख्या संघटनांत ‘वेइदा’ नावाची परिषद ठरावीक काळाने भरते आणि तिच्यात तरुण कार्यकर्ते चळवळीचे धोरण, कधी कधी मूळ विचारसरणीची कलमेसुद्धा, मतदानाने बदलतात. पहाटेपर्यंत चालणारे हे वाद बाहेरच्याला फुकाचे वाटतील. एखाद्या ठरावातल्या शब्दावरून तीन तास भांडलेली मुलगी मात्र पुढची दोन वर्षे तो ठराव अमलात आणायला राहते, आणि हे कोणत्याही सन्मानचिन्हाने साधत नाही. हबोनिम-द्रोरच्या उत्तर अमेरिकेतल्या शिबिरांत खर्चाचे पैसे ‘कुपा’ या सामाईक निधीत एकत्र करून ते कशावर खर्चायचे हे सर्वांनी मिळून ठरवण्याची पद्धत आहे. रक्कम किरकोळ, पण निर्णय खरा.

हा अधिकार अलीकडे दोन्ही बाजूंनी आक्रसतो आहे. मुलांच्या सुरक्षेचे नियम कडक झाले, विमा, प्रथमोपचार, पार्श्वभूमी-तपासणी आणि प्रत्येक सहलीचा धोका-अहवाल आवश्यक झाला. यातले काहीही अनावश्यक नाही, पण एकोणीस वर्षांच्या स्वयंसेवकाची संध्याकाळ मुलांऐवजी अर्ज भरण्यात जाते आणि शेवटची सही पगारी प्रौढाची असते. दुसऱ्या बाजूला निधी देणाऱ्या संस्थांना आणि पालकांना इस्रायलविषयीच्या वादात सावध भाषा हवी असते, तर कार्यकर्त्यांत, विशेषतः 7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यानंतर, त्या वादाने तीव्र मतभेद उघड केले आहेत. वेइदाने काय ठरवावे हे आधीच ठरलेले आहे असे एकदा कार्यकर्त्याला वाटले की त्याचा पाय निघतो, मग त्याचे मत उजवे असो वा डावे.

अमेरिकेतली बीबीवायओ ही संघटना या सगळ्याला वेगळे उत्तर देते. 1924 मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात आकाराला आलेली मुलांची एझेडए आणि 1944 मध्ये जोडली गेलेली मुलींची बीबीजी यांची मिळून ती बनली आहे. शाखेचे पदाधिकारी मुलेच निवडतात, पण शाळा संपली की सदस्यत्वही संपते आणि सातत्य राखायचे काम प्रौढ सल्लागार व पगारी कर्मचारी करतात. अठराव्या वर्षी जाणे ठरलेलेच असल्याने गळतीची हळहळ फारशी उरत नाही, संघटना मोठी आणि स्थिर राहते. यात गमावले जाते ते अठरा ते तेवीस हे वय, ज्यात माणूस पहिल्यांदा दुसऱ्या नेत्यांना घडवू लागतो. बीबीवायओचा पदाधिकारी सतराव्या वर्षी राष्ट्रीय परिषदेत भाषण करतो, पण आपल्यामागून आलेल्या तुकडीला उभे करण्याची जबाबदारी त्याच्याकडे क्वचितच येते.

याच्या अगदी उलट टोकाचा प्रयोग इस्रायलमध्ये चालू आहे. 1924 मध्ये स्थापन झालेल्या ‘हानोआर हाओवेद’, म्हणजे कामकरी युवकांच्या चळवळीतल्या काही तरुणांनी किबुत्झ पद्धत मोडकळीस येत असताना हगशामाची नवी व्याख्या केली: शेती करण्याऐवजी शिक्षण हेच सामूहिक जीवनाचे काम मानायचे. गॅलिलीतल्या राविद आणि एश्बाल येथे शिक्षकांचे किबुत्झ झाले, शहरांतल्या गरीब वस्त्यांत आठ-दहा जण एकत्र राहून मिळकत सामाईक ठेवू लागले, आणि आज ‘द्रोर इस्रायल’ या नावाने ते शाळा, युवक केंद्रे व अरब-ज्यू मुलांचे एकत्र उपक्रम चालवतात. येथे मद्रिख तिशी-चाळिशीतही चळवळीतच असतो. कार्यकर्ते टिकवण्याच्या प्रश्नाला याहून पुरे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही, पण त्याची किंमतही तितकीच पुरी आहे, कारण घर, पगार, मित्र आणि विचार हे सारे एकाच गटात गुंतल्यामुळे पस्तिसाव्या वर्षी ज्याला बाहेर पडावेसे वाटते त्याला या चारही गोष्टी एकदम सोडाव्या लागतात.